तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ताई, गोळ्या सुटतील ना?’

आमच्या ट्रस्टच्या हॉलमध्ये नवीन माणूस आला की चप्पल काढता काढताच विचारतो, “ताई, योगानं गोळ्या सुटतील ना?” बावीस वर्षं ऐकतेय. कुणाची गोळी प्रेशरची, कुणाची शुगरची, कुणाचा दम्याचा पंप. प्रश्नातला तो ‘ना’ महत्त्वाचा. माणूस होकार घ्यायलाच आलेला असतो.

मी पर्समधून माझा पंप काढून दाखवते. निम्म्या लोकांचा चेहरा तिथेच पडतो.

मला दमा लहानपणापासून. दर कोजागरीला आई मला औषध घातलेली खीर खायला न्यायची. रात्रभर चांदण्यात जागायचं, पहाटे खीर खायची, आणि गार हवेत बसल्यामुळे सकाळी छाती आणखी वाजायची. आई म्हणायची, “औषध काम करतंय.” पुढे पंप आला आणि निदान झोप लागायला लागली.

1998 मध्ये मी एका शिबिराला गेले. कुठल्या ते सोडा. प्राणायाम छान शिकवत, बोलणं गोड, आणि पाचव्या दिवशी गुरुजी म्हणाले, “पंप ही कुबडी आहे, फेकून द्या.” टाळ्या पडल्या. त्यात माझीही होती. सतरा दिवस पंपाशिवाय काढले आणि ज्याला त्याला फोन करून सांगितलं. अठराव्या रात्री तीन वाजता यजमानांनी मला रिक्षात घातलं. वाक्य पुरं होत नव्हतं, एकेक शब्द सुटा निघत होता. नेब्युलायझरची वाफ सुरू झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “पंप कुणी बंद केला?” मी स्वतःकडे बोट दाखवलं. गुरुजींचं नाव घ्यायचीही लाज वाटली.

तरी मी योग सोडला नाही, कारण त्या सतरा दिवसांतला पहिला आठवडा खरोखर बरा गेला होता. हे खोटं कसं म्हणू? म्हणून लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये शिकायला गेले. तिथे आधी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत, आणि ती बरोबर आणलीत का. मला तर हायसंच वाटलं.

ही संस्था 1924 ची. काढली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला संस्कृतचा हुशार विद्यार्थी, पुढे अमळनेरला शिक्षक, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेलं शरीर, आणि योगातले गुरू माधवदासजी. संस्था काढायच्या आधीच त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौली (पोटाचे मधले स्नायू पुढे काढणं) यांचे प्रयोग केले होते. मला त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट नौलीचीच.

बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून नळीवाटे पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतो. पाणी वर चढतं कसं? पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर ठरलेलं होतं: अपानवायू, म्हणजे शरीरातला खाली वाहणारा वायू, ओढतो. गुण्यांनी नळीचं दुसरं टोक दाबमापकाला जोडलं आणि नौली करायला सांगितली. पारा हलला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. पोटाचे स्नायू पुढे काढले की आत पोकळी होते आणि पाणी त्यामुळे चढतं. या शोधाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरूंवर निष्ठा पूर्ण होती, पण पारा किती उतरला हे गुरूंना विचारलं नाही, नळीवर वाचलं. असली निरीक्षणं छापायला ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्यांनी 1924 मध्येच सुरू केलं.

माझ्याकडे काही दाबमापक नाही. पीक फ्लो मीटर आहे, फुंकलेली हवा मिनिटाला किती लिटरच्या वेगानं बाहेर पडते ते मोजणारं, केमिस्टकडे मिळतं तसलं, प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर सरकणारा लाल काटा. आमच्या वर्गातले दमेकरी आठवड्यातून एकदा जोरात फुंकतात आणि मी आकडा वहीत लिहिते. माझा चांगल्या दिवसाचा आकडा 340. एकदा दिवाळीनंतर एक आजोबा म्हणाले, “ताई, एकदम मोकळं वाटतंय, काल पंप घेतलाच नाही.” फुंकायला लावलं. नेहमी 300 असायचे, 190 भरले. आजोबा काट्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “हे बिघडलंय.” मी फुंकलं, 340. त्यांनी खिशातून पंप काढला.

मग योगानं होतं काय? माझ्यापुरतं सांगते. उच्छ्वास लांबवायला शिकले. छाती भरून यायला लागली की पूर्वी घाबरून खांदे वर चढायचे, आणि घाबरल्यानं आणखी धाप लागायची. आता खांदे खाली सोडता येतात, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडता येतो, आणि तेवढ्या वेळात पंप कुठल्या कप्प्यात आहे ते आठवतं. झोप सुधारली. जलनेतीनं, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढलं की, नाक मोकळं राहतं. (पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा मीठ. मीठ विसरलात तर मेंदूपर्यंत झिणझिणतं, मग मला बोल लावू नका.) कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. 2016 मध्ये तिने योग आणि दम्याचे 15 अभ्यास, 1,048 रुग्ण पाहिले. निघालं ते असं की त्रास आणि रोजचं जगणं थोडं सुधारत असावं. फुफ्फुसाची ताकद वाढते का, औषध कमी होतं का, हे मात्र नक्की सांगता येत नाही. ‘थोडं’ हा शब्द बोर्डावर लिहून माणसं येत नाहीत, हे मला कळतं.

बोर्डावरून आमच्याकडे झालंच होतं एकदा. विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं की ‘मधुमेह, रक्तदाब, दमा यांपासून मुक्ती’ असं लिहायचं. पेंटरही ठरला. मी म्हटलं, 1954 चा औषधं आणि जादूटोणावजा उपाय यांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. खजिनदार म्हणाले, तो कायदा मंत्र-ताईतांसाठी आहे, आपण कुठे ताईत देतो? म्हटलं, मग हा बोर्ड काय आहे? दोन तास वादावादी झाली, चहा दोनदा झाला. शेवटी बोर्डावर आलं: ‘योगवर्ग, सकाळी 6.15’. त्या वर्षी नाक्यावर दुसरा वर्ग निघाला, मोठ्या बोर्डाचा, आणि आमची अकरा माणसं तिकडे गेली. महिना तीनशे रुपये फी धरा आणि हॉलचं भाडं कसं भरलं असेल ते ओळखा. चार परत आली. बाकीच्यांचं ठीक चाललेलं असो.

मन, आत्मा, शांती याबद्दल मी बोलत नाही म्हणून काही जण नाराज होतात. शवासनात दहा मिनिटं कुणाला रडू येतं, कुणी घोरतं. मी चादर घालते. तिथे मोजायला माझ्याकडे काही नाही, म्हणून मी दावाही करत नाही.

परवा एक नवीन बाई आल्या, प्रेशरवाल्या. तोच प्रश्न, तोच ‘ना’. म्हटलं, “गोळी चालू ठेवा, इथे रोज या, तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कमी करायची की नाही ते ते ठरवतील.”

“आणि तुमचा पंप?”

“आहे की.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. वाटलं, गेल्या नाक्यावर. गुरुवारी सव्वासहाला दारात उभ्या, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. गोळीचं नाव वहीत लिहून घ्यायचं होतं. दोघी खिडकीच्या उजेडात चिठ्ठी धरून उभ्या राहिलो, पहिलं अक्षर ‘ए’ की ‘ओ’ यावर आमचं एकमत होईना.