पंख्याचे विमान

नागपुरात आमच्या घरी येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांकडे माझ्यासाठी एक प्रश्न तयार असतो, आणि तो चहा येण्याआधीच विचारला जातो. खामल्याच्या मामी तो सर्वांत सरळ विचारतात : "काय गं, अजून ते पंख्याचंच विमान चालवून राहिली का? मोठ्या विमानावर कधी जाशील?" दर दिवाळीला मी हसून विषय बदलते. मामी, तुम्ही इतक्या वेळा विचारलंत म्हणून या वेळी नीट उत्तर लिहिते आहे.

मी एका लहान प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२ या विमानावर कॅप्टन आहे. बाहेर पंखे दिसतात म्हणून हे विमान जुन्या काळातले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात पंख्यामागे, जेटच्या इंजिनात असते तसे, टर्बाइनच असते. जेट विमान इंजिनातून मागे फेकलेल्या हवेच्या जोरावर पुढे जाते, तर येथे त्या टर्बाइनची बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून सहा पात्यांचा पंखा फिरवण्यात खर्च होते. वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जेटपेक्षा बराच कमी. परंतु तासाभराच्या प्रवासात हा फरक पंधरा-वीस मिनिटांचा पडतो, आणि त्या बदल्यात इंधन कमी लागते व आखूड धावपट्टी पुरते. सोनेगावची, म्हणजे आमच्या नागपूर विमानतळाची, धावपट्टी ३,२०० मीटरची आहे; तिचा निम्म्याहून अधिक भाग मला लागतच नाही.

शिवाय पंख्याला नाक मुरडण्याचा अधिकार निदान नागपूरकरांना तरी नाही, असे माझे मत आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास याच सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. १९७३ पर्यंत हे चालले. सुरुवातीची ती डाकोटा विमाने पंख्याचीच होती.

मोठ्या विमानाशी खरा फरक पडतो तो उंचीचा. एटीआरची मर्यादा २५,००० फुटांची आहे आणि छोट्या टप्प्यांवर आम्ही त्याहूनही खाली असतो. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात दुपारनंतर उभे राहणारे गडगडाटी ढग ४०,००० फुटांच्याही वर जातात. जेटलासुद्धा ते नेहमी ओलांडता येत नाहीत, पण निदान वरून पाहून वाट काढता येते. आम्हाला त्यांच्या बुंध्यांमधून, रडारच्या पडद्यावर लाल डाग चुकवीत जावे लागते, आणि दहा मिनिटांपूर्वी मोकळी दिसलेली फट तेथे पोहोचेपर्यंत बुजलेली असू शकते. मे महिन्याची तऱ्हा आणखी वेगळी. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि पंख्याला व पंखाला, दोघांनाही, धरायला हवाच कमी मिळते. अशा दुपारी एखाद्या लहान धावपट्टीवरून निघताना वजनाचे गणित जुळले नाही, तर काही सामान मागे ठेवावे लागते. ज्याची बॅग राहिली त्या माणसाला तापमानाचे कारण पटवून देणे हे उड्डाणापेक्षा अवघड काम आहे.

गेल्या जूनमधील एक संध्याकाळ सांगते. ज्या गावी उतरायचे होते तेथे उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नव्हती; धावपट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि दृश्यता निदान ५ किलोमीटर पाहिजे, असा नियम. आम्ही पोहोचलो तेव्हा धावपट्टीच्या अलीकडच्या टोकावर पावसाचा पडदा होता. पहिल्या प्रयत्नात ती दिसली आणि पुन्हा हरवली, तेव्हा मी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेतले. वीस मिनिटे घिरट्या घातल्या. पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे आणि तेथे पोहोचल्यावर अर्धा तास थांबण्याचे इंधन हिशेबात कायम राखून ठेवलेले असते. त्याला हात लागण्याआधी मी नागपूरला परतण्याचा निर्णय घेतला. मागच्या दाराने प्रवासी उतरत असताना एक आजोबा माझ्यापाशी थांबले. ते रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, गणेशपेठहून रात्रीची एसटी किती वाजता आहे?" ते मला ठाऊक नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

दिवसाला चार टप्पे, म्हणजे चार उड्डाणे आणि चार अवतरणे, हे आमचे साधारण वेळापत्रक. त्यांतली काही सहवैमानिकाच्या हाती असतात. प्रवासी घेऊन जाणाऱ्या वैमानिकाने मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली असावीत, असा नियम आहे. लांब पल्ल्याच्या विमानांवरील माझ्या काही मैत्रिणींना हा आकडा भरण्यासाठी कधी कधी सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचे सरावाचे नकली कॉकपिट, गाठावा लागतो. माझा तो दोन दिवसांत भरतो. त्या माझ्यापेक्षा कमी कुशल आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांच्या रात्रींच्या जागरणाला मी घाबरते.

मामींना न सांगण्यासारखेही काही आहे. लहान कंपनीचा पाया भुसभुशीत असतो. २०१६ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या उडान योजनेने लहान गावांच्या तिकिटांना आधार दिला, पण तो प्रत्येक मार्गाला तीन वर्षांपुरता. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, तीन वर्षांचा काळ ११२ मार्गांनी पुरा केला आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४. ज्याला हे आकडे कोरडे वाटतात त्याने महिना संपताना पुढच्या महिन्याचे वेळापत्रक उघडून आपल्या ओळखीच्या गावाचे नाव त्यात आहे का, हे शोधून पाहावे. मी पूर्वी ज्या कंपनीत होते, तेथे एका वर्षी पगार सलग तीन महिने उशिरा झाला. घराचा हप्ता तेव्हा आईने भरला.

मग मोठ्या विमानासाठी प्रयत्न केला नाही का? दोनदा केला. पहिल्या वेळी निवड झाली नाही, आणि हे मी घरी कोणालाच सांगितले नव्हते. दुसऱ्या वेळी झाली. पण त्या कंपनीत सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावरून पुन्हा सुरुवात करायची होती, कॅप्टनपद परत मिळण्यास किती वर्षे लागतील हे कोणी लिहून देत नव्हते, आणि येथे राजीनाम्याची मुदत कॅप्टनसाठी एक वर्षाची. पगार वाढला असता, हेही खरे. मी नाही म्हटले, कारण कॅप्टनच्या डाव्या आसनावर बसून निर्णय घेण्याची मला सवय लागली आहे आणि ती मला सोडायची नव्हती. त्यात थोडा अहंकार आहे, हे मला मान्य आहे.

तेव्हा मामी, उत्तर असे : हो, अजून पंख्याचेच विमान चालवते आहे, आणि सध्या तरी तेच चालवीन. तुम्ही त्यात कधी बसला नाहीत. बसाल तेव्हा पुढच्या दाराकडे जाऊ नका, तेथून सामान चढते. माणसांचे दार मागे आहे. चढताना शेपटीखाली एक टेकू दिसेल. मागे गर्दी झाली तर विमान शेपटीवर बसू नये म्हणून तो लावलेला असतो, आणि निघण्याआधी तो काढला की नाही, हे पाहणाऱ्यांत मीही असते.