बाबांचा रिपोर्ट

आज बाबांचा रिपोर्ट आला. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१! दिवाळीत हाच ८.४ होता. गोळ्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच थांबवल्यात, त्यामुळे आकडा बघून आईचे डोळे भरून आले.

डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस गेला असं समजू नका. रेमिशन आहे, म्हणजे गोळ्यांशिवाय साखर आटोक्यात आहे. वजन वाढलं की परत डोकं वर काढेल."

आहाराने वजन उतरवून डायबेटिस असा आटोक्यात येऊ शकतो, हे थोतांड नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या संशोधनात डायबेटिसच्या पेशंटना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेरीस त्यातले ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते; १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत तर ८६ टक्के. पण त्या सगळ्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि इन्सुलिन कुणालाच चालू नव्हतं. म्हणून जुन्या पेशंटला सरसकट "गोळ्या फेकून द्या" सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बाबांच्या ताटात आता आधी काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ आणि एकच ज्वारीची भाकरी. भात सणावारी. जेवण झालं की कॉलनीत फेरी, पावसातही छत्री घेऊन.

डोळ्यांची आणि पायांची तपासणी दरवर्षी करायचीच आहे. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली.