एस्टीम ९७ : फ्लायव्हील हलकं केल्यानंतरचे बाराशे किलोमीटर

मागच्या वेळी क्लच घसरतोय असं लिहिलं होतं. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र आहे त्याच चालीत. गिअरबॉक्स उतरवायचाच होता, म्हणून तीन वर्षं मनात घोळत असलेलं काम याच वेळी करून टाकलं. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसलेलं, इंजिनाची गती टिकवून धरणारं जड चाक, हलकं करायला लेथवर चढवलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गाडी १९९७ ची मारुती एस्टीम, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी, ६५ अश्वशक्ती. मुक्काम पाचोरा. इंजिन पाच वर्षांपूर्वी उघडून नीट केलेलं आहे, त्यामुळे खालचा भाग ठणठणीत. हे महत्त्वाचं आहे, कारण थकलेल्या इंजिनावर हलकं फ्लायव्हील बसवलं तर आयडलिंगची, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू राहण्याची, उणीव आणखी उघडी पडते.

गिअरबॉक्स उतरवायला जानेवारीतला भरिताचा रविवार निवडला. शेतात पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळल्या काड्यांवर) वांगी भाजायला चौघं मित्र येणारच होते, त्यांचे आठ हात जेवणाआधी वापरून घेतले. बॅटरी, क्लच केबल, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक. साडेचार तासांत गिअरबॉक्स खाली. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर निळसर डाग होते, म्हणजे तापून तापून लोखंड जागोजागी कडक झालेलं. ते टर्निंग करून काढावंच लागणार होतं. मागच्या ऑइल सीलमधून किंचित पाझर होता, तोही बदलला. गिअरबॉक्स खाली असताना हे सील न बदलणं म्हणजे पुन्हा त्याच कामाला स्वतःला आवतण देणं.

फ्लायव्हील किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं : ६ किलो ९०० ग्रॅम.

जळगावला एमआयडीसीत एक मिस्तरी आहेत. मूळचे चाळीसगावकडचे, आयुष्य पंपाचे शाफ्ट आणि विहिरीवरच्या इंजिनांचे भाग करण्यात गेलेलं. त्यांनी फ्लायव्हील हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, कंपनीना माणूस येडा व्हता का, इतलं वजन ठेवाले?"

प्रश्न रास्त होता. उत्तर त्यांच्याच कामातलं दिलं. आमच्या आजोबांच्या विहिरीवर एका सिलेंडरचं डिझेल इंजिन होतं. दोन्ही बाजूंना जाड चाकं. हँडल मारून चाकांना गती आली की डिकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब मोकळा ठेवणारा) खटका सोडायचा, मग धप् धप् सुरू. एका सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो, तोही अर्ध्या फेरीपुरता. उरलेली दीड फेरी ती चाकंच ओढून नेतात. ती हलकी केली तर इंजिन पाणी उपसण्याआधीच बंद पडेल. माझ्या गाडीत चार सिलेंडर आहेत, दर अर्ध्या फेरीला एक पिस्टन जोर देतो. तिथे फ्लायव्हीलवरचं ओझं मुळातच कमी. तरी कंपनी वजन ठेवते, कारण तिला शिकाऊ चालकाचा, एसीचा, चढावर थांबून सुटण्याचा, सगळ्यांचा विचार करावा लागतो. मला माझ्या दोन पायांपुरताच करायचा आहे. मिस्तरींना हे पटलं.

मग किती काढायचं आणि कुठून, यावर तासभर गेला. जाहिरातीत लोक फक्त किलो सांगतात, पण किलोपेक्षा जागा मोठी. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं. मध्यापासून १२ सेंटिमीटरवरचं १०० ग्रॅम लोखंड हे ६ सेंटिमीटरवरच्या ४०० ग्रॅमइतकं जड पडतं. म्हणून मधल्या बोल्टांच्या आसपास खोदण्यात अर्थ नाही. तिथे फायदा नगण्य आणि धोका सगळा, कारण क्रँकला धरून ठेवणारी जागा तीच. क्लच प्लेट घासते तो चेहराही फक्त साफ होईल इतकाच घ्यायचा. तो पातळ केला तर उष्णता साठवायला लोखंड उरत नाही. आम्ही मागची, इंजिनाकडची बाहेरची कड निवडली. प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांच्या आट्यांना पुरेसं लोखंड राहील आणि रिंग गिअरची (स्टार्टर ज्यात अडकतो त्या दात्यांच्या कड्याची) बैठक शाबूत राहील, ही हद्द आधी खडूने आखून घेतली.

आणि त्याहीआधी भेगा तपासल्या. लाल डाय लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली आणि वीस मिनिटं वाट पाहिली. लाल रेघ कुठे उमटली असती तर काम तिथेच थांबवणार होतो. ६,००० आरपीएमला १३ सेंटिमीटरवरच्या कडेचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या वर जातो, आणि तिथला एक ग्रॅम पाच किलोंच्या जोराने बाहेर ओढतो. हे ओतीव लोखंड आहे. ते वाकून सूचना देत नाही, एकदम फुटतं. फुटलं तर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) पलीकडे आपलेच पाय असतात. ज्यांना आरपीएम फार वर न्यायचं आहे त्यांनी मूळ फ्लायव्हील कातण्याच्या भानगडीत पडू नये, घडीव स्टीलचंच घ्यावं.

लेथवरचं दृश्य मी विसरणार नाही. ओतीव लोखंडाला कूलंट लागत नाही, कोरडंच कापतात. स्टीलसारख्या लांब वेटोळ्या निघत नाहीत, काळी भुकटी पडते. त्यात ग्रॅफाइट असतं, म्हणून बोटांवर शिसपेन्सिलीसारखी चकाकी येते आणि ती साबणाने लवकर जात नाही. मिस्तरी एका वेळी अर्धा मिलिमीटरच घेत होते. प्रत्येक खेपेनंतर टूल मागे घेऊन कडेवरून अंगठा फिरवायचे. शेवटी आतला कोपरा काटकोनात न सोडता गोलाईत घेतला, कारण भेग नेहमी धारदार कोपऱ्यातून सुरू होते. हे मी सांगायच्या आधीच त्यांच्या हाताने केलं होतं.

काट्यावर पुन्हा ठेवलं : ५ किलो ३०० ग्रॅम. एक किलो ६०० ग्रॅम गेलं, जवळपास सगळं कडेचं.

याचा गाडीला किती फरक पडतो, त्याचा हिशोब मांडला. काढलेलं लोखंड सरासरी ११ सेंटिमीटरवर होतं असं धरलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण १४ पट फिरतं, आणि जडत्वात हा आकडाही वर्गाने येतो. उत्तर आलं, पहिल्या गिअरमध्ये गाडीतून सुमारे ४८ किलो उतरवल्यासारखं. पाचव्यात तेच अडीच किलोच्या आसपास. म्हणजे धुळे-जळगाव हायवेवर पाचव्यात ओव्हरटेक करताना काहीही कळणार नाही. अश्वशक्ती एकानेही वाढत नाही. जो वाढते म्हणतो, त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

जोडणी नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) घालून केली. फ्लायव्हीलचे बोल्टही नवेच, टॉर्क रेंचने आडव्या क्रमाने आवळले. डायल गेज लावून चेहऱ्याची डगमग पाहिली, ०.०६ मिलिमीटर. समाधान वाटलं.

ते दोन दिवस टिकलं. ३,२०० आरपीएमच्या आसपास गिअर लिव्हरमध्ये बारीक थरथर यायला लागली. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली, तरी तीच. म्हणजे चाकं आणि ड्राइव्ह शाफ्ट निर्दोष. क्लच दाबून रेस दिली, तरी फरक नाही. म्हणजे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सही बाद. क्रँकसोबत कायम फिरणारं उरलं ते फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट. चूक माझी होती. मी एकटं फ्लायव्हील बॅलन्सिंगला दिलं होतं, प्रेशर प्लेट नव्या डब्यातून काढून तशीच बसवली. गिअरबॉक्स पुन्हा खाली. या वेळी दोन्ही एकत्र जोडून मशीनवर फिरवली, तर एका बाजूला ९ ग्रॅम जास्त निघाले. कडेला दोन उथळ छिद्रं पाडून ते काढले, आणि दोन्हींवर समोरासमोर पंचचे ठिपके मारले, म्हणजे पुढे कुणीही उघडलं तरी जोडी त्याच जागी बसेल. थरथर पूर्ण गेली.

दुसरा आवाज मात्र राहिला, आणि तो राहणारच आहे. इंजिन तापलं की न्यूट्रलमध्ये डब्यात हरभरे हलवल्यासारखी खरखर येते. आधी रिलीज बेअरिंगवर शंका गेली. पण क्लच दाबला की आवाज बंद होतो. खराब रिलीज बेअरिंगचं उलट असतं, ते दाबल्यावर बोलतं. ही खरखर गिअरच्या मोकळ्या दातांची. प्रत्येक स्फोटाचा हिसका पूर्वी जड चाक गिळायचं, आता त्यातला थोडा गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. आयडलिंग ८५० वरून ९५० केलं, तेव्हा निम्मा आवाज कमी झाला. गिअर ऑइल नवं आहे, यापलीकडे काही करणार नाही.

आता चालवण्याबद्दल. मागच्या आठवड्यात पहाटे चाळीसगावहून कन्नड घाट चढलो. पूर्वी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना इंजिन खाली यायची वाट पाहावी लागायची. आता क्लच दाबला की आरपीएम पडतं, हात लगेच पुढे जातो. उतरताना मजा जास्त आली. वळणाआधी ब्रेकवर पंजा, टाचेने ॲक्सिलरेटरला हलका ठोसा, आणि दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो. आधी त्याच ठोशाला इंजिन उत्तर द्यायला क्षणभर लावायचं. गावात मात्र सवय बदलावी लागली. आयडलिंगवर क्लच सोडून गाडी सरकवायची सोय गेली, थोडी रेस द्यावीच लागते. पहिल्या आठवड्यात भडगाव रोडवरच्या चढावर दोनदा बंद पडली. जिथे घरातले सगळेच गाडी चालवतात, तिथे हे काम करताना त्यांना आधी विचारा. माझी बायको चालवते. तिने दोन दिवसांत पाय जुळवून घेतला आणि वर सांगितलं की रिव्हर्समध्ये अजून जड जातं. ते खरं आहे.

मिस्तरींना जळगावात एक फेरी मारून आणली. दुसऱ्या गिअरमध्ये त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आते जागी व्हयनी." म्हणजे, आता जागी झाली.

एसी लावला की आयडलिंग अजून ७०० पर्यंत घसरतं आणि गाडी धडधडते. कार्ब्युरेटरवरचा आयडल-अपचा, म्हणजे एसी लावल्यावर आयडलिंग उचलून धरणारा, डायफ्रॅम कडक झालाय, नवा आणून ठेवला आहे. येत्या रविवारी तो बसवतो, कारण एप्रिल तोंडावर आलाय आणि पारा ४४ वर असताना रेल्वे फाटकावर एसी लावून उभं राहण्याची कसोटी अजून बाकी आहे.