तुरुंगातली माती

मी पुण्यात एका ॲनिमेशन इन्स्टिट्यूटमध्ये स्टोरीबोर्ड, म्हणजे शूट करण्याआधी प्रसंग चित्रांच्या चौकटीत मांडणं, शिकवते. दुसऱ्या वर्षाला ॲडॅप्टेशनचा एक भाग असतो, म्हणजे एका माध्यमातली गोष्ट दुसरीकडे नेताना काय ठेवायचं, काय टाकायचं वगैरे. यंदा त्यात 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही मालिका आणि तिच्यावरून एम. नाइट श्यामलनने २०१० साली केलेला सिनेमा शेजारी शेजारी लावायचा ठरवलं. ही मालिका माझ्या अतिशय जवळची आहे. मी या धंद्यात आले त्याला जी थोडीफार कारणं आहेत त्यातलं हे एक, त्यामुळे हा तास घेताना मी तटस्थ वगैरे नव्हते हे आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात तीन सीझन, ६१ भाग. मायकल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांची निर्मिती. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार राष्ट्रं, प्रत्येकातल्या काही लोकांना आपापलं तत्त्व हाताळता येतं, त्याला बेंडिंग म्हणायचं, आणि चारही तत्त्वं वश असलेला एकच, तो अवतार. तो आहे बारा वर्षांचा आंग नावाचा मुलगा, जो शंभर वर्षं बर्फात गोठून पडलेला आणि जागा होतो तेव्हा अग्निराष्ट्राने जग पेटवलेलं असतं. दिसायला लहान मुलांचं कार्टून, पण त्यात वंशसंहार आहे, बापाने तोंड भाजून हाकलून दिलेला मुलगा आहे, आणि तरी कुठेही जड होत नाही.

तर वर्गात सिनेमाचं नाव काढल्या काढल्या हसायला सुरुवात. अर्ध्या पोरांनी मालिका पाठ केलेली, सिनेमाची टिंगल त्यांना आधीच माहीत, पाच रॅझी, म्हणजे सगळ्यात वाईट सिनेमांना देतात ती बक्षिसं, मिळाल्यात हेही माहीत. मला ते हसणं जरा खटकलं कारण पंधरा कोटी डॉलर बजेट, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा कॅमेरामन अँड्र्यू लेस्नी, संगीताला जेम्स न्यूटन हॉवर्ड, इफेक्ट्सला आयएलएमसारखी नावाजलेली कंपनी, म्हणजे एकेक माणूस आपल्या कामात मोठा, आणि तरीही सिनेमा असा का झाला हे हसून कळणार नाही. त्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅम, मी दोन्हीही बघितलेलं नाही. यात नक्की चुकलंय काय ते मला कळेल का?" ती कोल्हापूरची, वर्गात फारशी बोलत नाही. मी म्हटलं, अगं तूच हवी होतीस, पुढे येऊन बस.

मी तिला पहिल्या सीझनचा सहावा भाग आवाज पूर्ण बंद करून दाखवला. यात अग्निराष्ट्राने पकडलेल्या पृथ्वी-बेंडर कैद्यांचा तुरुंग आहे, आणि तो समुद्रात, अख्खा लोखंडाचा. आसपास मातीचा कण नाही, म्हणून त्यांची ताकद शून्य. बाहेर गावात हारू नावाचा मुलगा खाणीत अडकलेल्या म्हाताऱ्याला लपवलेली विद्या वापरून वाचवतो आणि तोच म्हातारा रात्री शिपायांना त्याच्या दारात घेऊन येतो. मग आंगची पाणी-बेंडर मैत्रीण कटारा मुद्दाम स्वतःला अटक करवून तुरुंगात जाते, सगळ्यांसमोर उभी राहून तळमळून भाषण करते, आणि कुणीही उठत नाही.

कोल्हापूरच्या मुलीने आवाजाशिवाय सगळं बरोबर सांगितलं. कोण कुणाला घाबरतंय, म्हाताऱ्याने दगा दिला, ही मुलगी बोलली पण लोकांच्या आतलं काहीतरी आधीच मेलंय. "यांना मारून मारून नाही, वाट बघायला लावून मोडलंय," असं म्हणाली. मी पेन खाली ठेवलं.

मग सिनेमातला तोच प्रसंग, तोही म्यूट. इथे तुरुंग डोंगराच्या कुशीत, सगळीकडे माती, दगड, खडक. ती बघत राहिली, मग म्हणाली, "हे लोक कैदी आहेत का? मग पळत का नाहीत?" तिला कैदी आणि गावकरी यात फरकच दिसेना. आंग काहीतरी बोलतोय, लोक अचानक लढायला लागले, का ते कळलं नाही.

मग तिसरी गोष्ट केली जी आधी ठरवलेली नव्हती. सगळ्यांना पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि सिनेमाचा नुसता आवाज लावला, हा प्रसंग आणि पुढचे दोन-तीन. आणि सगळ्यांना सगळं कळलं! आंग कैद्यांना सांगतो की तुमच्या पायाखालीच जमीन आहे, तुम्ही ताकदवान आहात, हे ऐकून कुणालाही कळेल. पुढे कटाराचा भाऊ सोका आणि राजकन्या युए यांची जवळीक तर कटाराच्या निवेदनातल्या एका वाक्यात उरकलेली, की माझा भाऊ आणि राजकन्या यांची लगेच मैत्री झाली. हीच युए शेवटी चंद्राला वाचवायला जीव देते, मालिकेत त्या क्षणी घसा दाटतो कारण त्याआधीचं त्यांचं अडखळत भेटणं आपण पाहिलेलं असतं. सिनेमाचं आकाशवाणीच्या श्रुतिकेसारखं झालं होतं, फक्त चित्रं वरून चिकटवलेली. वर्ग एकदम गप्प झाला, मघाचं हसू कुठल्या कुठे.

एकाने सिनेमाची बाजू घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. म्हणाला, मॅम, वीस भाग १०३ मिनिटांत बसवायचे तर निवेदन लागणारच ना. मुद्दा खरा आहे, पहिला सीझन सात तासांच्या वर जातो. पण काटछाट आणि मोडतोड वेगळी. तुरुंग समुद्रातून जमिनीवर आणल्याने वेळ किती वाचला? लोखंडी तुरुंगाला एक शॉट लागतो. आणि तो शॉट गेला की कैद्यांचं असहाय असणं जातं, ते गेलं की कटाराचं भाषण वाया जाणं जातं, मग आंग आणि सोका बोगद्यांतून वारा सोडून कोळशाचा ढीग वर डेकवर उडवतात ते जातं. कोळसा म्हणजे पृथ्वीच, आणि तो समोर पडलेला असूनही लोक हलत नाहीत, शेवटी हारू एक तुकडा उचलून वॉर्डनच्या डोक्यात मारतो तेव्हा त्याचा बाप उभा राहतो, मुलासाठी. हे सगळं त्या एका लोखंडावर उभं आहे. अडचण काढून टाकली की शौर्यही निघून जातं, एवढंच मला त्या पोरांना सांगायचं होतं.

त्यानंतर सिनेमातला तो प्रसिद्ध शॉट आला. पाच-सहा पृथ्वी-बेंडर एकत्र पाय आपटतात, हात फिरवतात, आणि एक छोटासा दगड हळूहळू तरंगत जातो. काही फॅन म्हणतात की त्या सगळ्यांनी मिळून भिंत उभी केली आणि दगड एकट्याचाच होता. असेलही, पण प्रेक्षकाला पडद्यावर जे लागोपाठ दिसतं त्याचंच नातं तो जोडतो, ही आमच्या विषयातली अगदी पहिली गोष्ट.

इथे कोल्हापूरची मुलगी उठली. लहानपणापासून मर्दानी खेळ शिकलेली, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कोपऱ्यातला प्रोजेक्टरचा पडदा ओढायचा लांब रॉड घेतला, बाकं मागे सरकवायला लावली आणि पवित्रा घेऊन लाठीसारखा फिरवून दाखवला. "मॅम, हात फिरतो तिथंच वार असतोय. गिरकी वेगळी आणि वार वेगळा असं नसतंय. यांचं सगळं झाल्यावर मग पाणी हलतंय, दगड हलतोय." मालिकेत नेमकं हेच सांभाळलंय. सिफू किसू नावाच्या मार्शल आर्ट शिक्षकाच्या सल्ल्याने पाण्याला ताई ची, पृथ्वीला हंग गार, अग्नीला नॉर्दर्न शाओलिन, वायूला बा ग्वा अशी एकेक चिनी युद्धशैली नेमून दिलेली, त्यामुळे नुसती उभं राहायची ढब बघून माणूस कुठल्या राष्ट्राचा ते ओळखता येतं. सिनेमात आंग झालेला नोआ रिंगर तायक्वांदो शिकलेला मुलगा, अंगात लवचीकता आहे, मेहनत दिसते. त्याच्या हालचालीला परिणामच जोडला नाही तर तो पोरगा काय करणार.

कास्टिंगचा विषयही निघालाच. जलजमातीची मुलं, म्हणजे कटारा आणि सोका, मालिकेत उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांवरून बेतलेली, सावळी. सिनेमात ती गोरी, आणि आक्रमक अग्निराष्ट्राला देव पटेल, मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी असे आपल्यासारखे चेहरे. आणि दिग्दर्शक स्वतः पुदुच्चेरीतल्या माहे इथे जन्मलेला, आपल्याच देशातला, हे ऐकून पोरं चक्रावली. त्या वेळी अमेरिकेत यावर मोठा निषेध झाला होता. मला स्वतःला याचा आजही राग येतो, कारण जगभरातल्या सावळ्या मुलांना नायक म्हणून मिळालेली ही दुर्मिळ जागा होती.

तास संपला होता पण कुणी उठेना. मी गृहपाठ दिला, तोच तुरुंग, खरी माणसं आणि खरा कॅमेरा धरून, एकही संवाद न वापरता बोर्ड करा. पुढच्या आठवड्यात आलेल्या कामात बऱ्याच जणांनी लढाईच रंगवली होती. कोल्हापूरच्या मुलीने लढाई काढलीच नव्हती. तिच्या बोर्डवर पहिल्या पॅनेलमध्ये लोखंडी जमिनीवर एक म्हातारा कैदी अनवाणी पायाची बोटं दाबून बघतोय, रोज बघत असावा तशी सवयीने. मधे कटारा बोलते, तो मान वर करत नाही. मग कोळसा पडतो, सगळीकडे धूळ, आणि पुन्हा तोच पाय, क्लोजअप, बोटांखाली काळी पूड. बोटं आवळली जातात. तिथेच बोर्ड संपला.

ज्याने सिनेमाची बाजू घेतली होती त्याने विचारलं, हे शूट करायला किती वेळ लागेल, आणि मग दोघं स्क्रीन टाइम मोजत बसले, तिचं म्हणणं एका मिनिटाच्या आत बसतं, त्याचं म्हणणं धूळ खाली बसायलाच वीस सेकंद द्यावी लागतील. मी म्हटलं ॲनिमॅटिक करून बघा, म्हणजे बोर्डची चित्रं वेळ लावून एकामागे एक जोडून बघा, एडिट रूम आठपर्यंत उघडी आहे.