वारीच्या गर्दीसाठी वायफाय : पंढरपूरच्या दोन खेपा

पंढरपूरच्या एका मठाच्या सभामंडपात वारीपुरते वायफाय उभारण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अडचण साधी वाटली होती. एकादशीच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क गुदमरते, देणगीचे यूपीआय व्यवहार अडकतात आणि कीर्तनाचे थेट प्रक्षेपण मध्येच तुटते. मंडप पत्र्याचा असून त्यात दीड हजार माणसे दाटीने बसतात.

कार्तिकीच्या महिनाभर आधी मी पाहणीला गेलो, तेव्हा मंडपात सतरंज्यांच्या घड्यांशिवाय काही नव्हते. भिंतीवर तात्पुरता लावलेला एकच ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचे सिग्नल सोडणारे यंत्र, शेवटच्या खांबापर्यंत उत्तम सिग्नल देत होता, आणि त्या भरवशावर मी चार महागडी यंत्रे निवडली, ज्यांच्या माहितीपत्रकात प्रत्येकी ५१२ उपकरणे जोडता येतील असे छापलेले होते. चूक माझीच होती. दशमीच्या संध्याकाळी मंडप भरला, फोनवर पट्ट्या पूर्ण दिसत राहिल्या, पण साधे पान उघडेना.

कारण नंतर शांतपणे तपासले. माणसाच्या शरीरातील पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे भिंतीवरच्या यंत्राला पहिल्या दहा-बारा ओळींपलीकडचे फोन धड ऐकू येत नव्हते. यंत्राचा आवाज मोठा असला तरी फोनाचा आवाज लहानच असतो. शिवाय एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यामध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि वारकऱ्यांच्या फोनांचे हॉटस्पॉटही तिथेच गर्दी करतात. जोडली जाणारी उपकरणे आणि प्रत्यक्ष काम करू शकणारी उपकरणे यांत मोठे अंतर असते. मी आता एका यंत्रामागे ५० ते ६० चालू फोन एवढाच हिशेब धरतो.

आषाढीसाठी निवड याच हिशेबाने केली. दीड हजारांपैकी एक तृतीयांश लोक एका वेळी जोडलेले धरले, तर नऊ यंत्रे लागतात. ५ गिगाहर्ट्झ या दुसऱ्या लहरपट्ट्यामध्ये रडारची चाहूल लागताच सोडावे लागणारे चॅनेल वगळले, तरी ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ मिळून २० मेगाहर्ट्झचे नऊ चॅनेल उरतात, हा योगायोग सोयीचा ठरला. चार प्रवाहांच्या, म्हणजे एका वेळी माहितीच्या चार धारा पाठवणाऱ्या, यंत्रांऐवजी दोन प्रवाहांची वायफाय ६ यंत्रे घेतली, कारण बहुतेक फोनांत अँटेना दोनच असतात आणि वाचलेल्या पैशांत यंत्रांची संख्या वाढते. मात्र अँटेनावर काटकसर केली नाही: एका दिशेने मारा करणारे अँटेना तुळयांवरून खाली तोंड करून बसवले, म्हणजे प्रत्येक यंत्र आपल्याखालच्या माणसांपुरतेच बोलते. शक्ती कमी ठेवली, संथ फोनांनी चॅनेल अडवून ठेवू नये म्हणून सेकंदाला १२ मेगाबिटखालचे वेग बंद केले आणि २.४ गिगाहर्ट्झ तीनच यंत्रांवर चालू ठेवले.

खरेदीपूर्वी विजेची गरजही वाचावी. या यंत्रांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच, स्विच नावाच्या जोडणीपेटीकडून मिळते. अशी काही यंत्रे ३० वॅटच्या स्विचवरच पूर्ण ताकदीने चालतात, १५.४ वॅटवर ती सुरू होतात, पण गुपचूप आपले एखादे अंग बंद ठेवतात. केबल १०० मीटरच्या आतच संपली पाहिजे. उघड्यावरचे यंत्र आयपी६७ दर्जाचे (धूळ-पाण्यापासून सुरक्षित) घ्यावे आणि केबलला यंत्राच्या खाली झोक द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत न उतरता झोकाच्या तळाशी ठिबकते. जोडलेल्या प्रत्येक फोनाला नेटवर्क एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देते. २५४ पत्त्यांचे नेटवर्क इथे दुपारपर्यंतच पुरते, कारण दर्शनाला निघून गेलेला माणूसही पत्ता अडवून ठेवतो. मी २०४६ पत्ते ठेवून मुदत एका तासावर आणली. जोडणी ओटीपीवर असेल, तर तो एसएमएस त्याच गुदमरलेल्या मोबाइल नेटवर्कवरून येणार, हे आयोजकांना आधीच सांगावे. पावतीच्या टेबलासाठी आणि प्रक्षेपणासाठी तर सरळ तारच ओढावी.

आषाढीला पावत्या अडल्या नाहीत. प्रक्षेपण एकदा थांबले, तेही कुणाचा तरी पाय वायरीत अडकल्यामुळे. माझ्यामागून जाणाऱ्यांनी शिडीचे सगळे काम अष्टमीपर्यंत उरकावे, कारण नवमीनंतर मंडपात शिडी टेकवायला जागा मिळत नाही, आणि दशमीला सामानाची गाडी गावाबाहेरच अडते.