बर्लिनचं स्टासी मुख्यालय: पॅकेज घेऊ नका, सरळ मेट्रो पकडा

'हेरांचं बर्लिन' नावाने शहराच्या मध्यात जे पॅकेज विकतात, ते घेऊ नका. आम्हाला सांगितलं होतं की पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्तहेर खात्याचं मुख्यालय आणि त्यांचा तुरुंग एकाच आवारात आहेत. साफ खोटं. गाइडने मुख्यालय बाहेरून दाखवलं आणि मग होहेनशोनहाउझनच्या तुरुंगापर्यंत जवळपास चार किलोमीटर बोचऱ्या वाऱ्यात पायपीट करायला लावली. तिथे पोचेपर्यंत फेरी आत गेली होती आणि त्या कोठड्या गाइडच्या फेरीशिवाय बघायला मिळतच नाहीत. पैसे परत मागितले तर पठ्ठ्याने हात वर केले. अजून राग गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वतःच गेलो. अलेक्झांडरप्लात्झहून यू-५ मेट्रोने सातवं स्टेशन माग्डालेनेनश्ट्रासे. रुशेश्ट्रासेच्या बाजूने वर या, आवार लगेच लागतं. आत 'हाउस १' शोधा. १९६०-६१ मध्ये बांधलेली ही ऑफिसची इमारत आता संग्रहालय आहे. दारासमोर काँक्रीटची जाळी आहे. गाडीतून कोण उतरतंय ते बाहेरून दिसू नये म्हणून ती नंतर उभारली.

बाकी मजले भरभर बघितले तरी चालेल, पण दुसऱ्या मजल्यावर घाई नको. एरिश मील्के १९५७ ते १९८९ स्टासीचा प्रमुख मंत्री होता, त्याची दालनं तशीच ठेवली आहेत: भिंतींना लाकडी फळ्या, टेबलावर फोन, मागे झोपायची छोटी खोली. त्याच्या न्याहारीत अंडं कुठे, पाव कुठे ठेवायचा याचं सेक्रेटरीने काढलेलं चित्रही आहे. १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी नोकर असलेलं खातं या टेबलावरून चालायचं. लोकांच्या अंगाचा वास टिपलेली फडकी बरण्यांत भरून ठेवलेली पाहिली आणि माझ्या पोटात गोळाच आला. १५ जानेवारी १९९० ला लोक या आवारात घुसले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इथे संग्रहालय उघडलं. ही जागा सरकारी गोदाम होण्यापासून वाचली, याचं मला फार मोल वाटतं.

तुरुंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. फेरीचं बुकिंग आधी करा, अलेक्झांडरप्लात्झहून एम-५ ट्रामने फ्राइनवाल्डर श्ट्रासेला उतरा. काही फेऱ्या तिथे कैदेत राहिलेली माणसंच घेतात. तशी मिळाली तर सोडू नका. दोन्ही एका दिवसात करायच्या फंदात पडू नका. पायांपेक्षा डोकं आधी थकतं.