पत्ता दाखवा, व्हिसा राहू द्या

ऑगस्ट लागला की माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसऱ्यांच्या फाईली उघडायला लागतात. न्यू जर्सीत येऊन मला चौदा वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीच्या तयारीला जमलो की नव्याने आलेली एखादी आई हळूच जवळ येऊन विचारते, "ताई, मुलाचं नाव शाळेत घालायचंय, काय काय लागतं हो?" मी तिला शनिवारी घरी बोलावते आणि असतील नसतील ते सगळे कागद आणायला सांगते.

मागच्या शनिवारी सांगलीकडची एक मुलगी आली होती. मुलगा आठ वर्षांचा. तिच्या फाईलमध्ये सगळ्यात वर पासपोर्ट, व्हिसा आणि नवऱ्याच्या कंपनीचं पत्र. ती कंपनी त्याला जूनमध्येच नारळ देऊन मोकळी झाली होती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला इथे राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि यांचे ते दिवस संपत आले होते. पुढचं वकील बघत होता. हिला एकच भीती. "शाळेने व्हिसा बघितला आणि वर कळवलं तर? त्यापेक्षा थोडे दिवस त्याला घरीच ठेवू का?"

मी ते तीन कागद उचलून तिच्या पर्समध्ये ठेवले. म्हटलं, शाळेला तू कुठे राहतेस ते कळायला हवं. कोणत्या व्हिसावर राहतेस याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हे मी मनाचं सांगत नव्हते. 1975 मध्ये टेक्सासने कायदा केला की बेकायदा आलेल्या मुलांसाठी शाळांना सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1000 डॉलर फी लावली. मेक्सिकोतून आलेल्या, हातावर पोट असलेल्या काही आईबापांनी त्याविरुद्ध दावा लावला. त्यांची खरी नावं खटल्यात झाकून ठेवावी लागली. 15 जून 1982 रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कागद नाहीत म्हणून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. आपण इथे एच-फोरच्या, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर आलेल्या मुलांना घेऊन ताठ मानेने जातो, पण ते दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं ते त्या माणसांनी. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

मला हे सगळं तेव्हा ठाऊक असतं तर! माझी मुलगी पहिलीत जायची होती तेव्हा शाळेच्या काउंटरवरच्या बाईंनी सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा इथला सरकारी नंबर मागितला. एच-फोरवरच्या मुलांना तो मिळतच नाही. नंबर नाही तर प्रवेश नाही असं समजून मी परत फिरले आणि पोर नऊ दिवस घरी बसली. तो नंबर नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मला एका शेजारणीने सांगितलं.

खरं लागतं ते एवढंच: भाड्याचा करार, विजेचं बिल यांसारखा राहण्याचा पुरावा, मुलाच्या वयाचा पुरावा, आणि लसीकरणाची नोंद. दिराकडे किंवा मैत्रिणीकडे राहत असाल तर घरमालकाचं किंवा त्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, तेव्हा निघण्याआधी नगरपालिकेत जाऊन ते चढवून घ्या. इथून ते काम करणं फार जड जातं.

लसींपाशी मात्र जवळजवळ सगळे अडतात. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाहीत. गालगुंड आणि कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे दोन्ही लागतात. त्यात तारखांचा घोळ. ऑगस्ट 2017 मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या कार्डावर 05/11/2018 लिहिलं होतं, म्हणजे 5 नोव्हेंबर. इथे आधी महिना लिहितात, म्हणून नर्सने ते 11 मे वाचलं. मुलगी एकदम नऊ महिन्यांची ठरली आणि डोस बाद! आता मी प्रत्येकीला डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहून घ्यायला सांगते. क्षयाची तपासणी सांगितली तर रक्ताची मागा. बीसीजी घेतलेल्या आपल्या मुलांच्या हातावरची चाचणी कधी कधी उगाच फुगते आणि मग छातीच्या एक्स-रेपर्यंत जावं लागतं.

आणि तो घरातल्या भाषेचा फॉर्म. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, घरात काय बोलता. बहुतेक आईवडील 'इंग्रजी' लिहितात, मीही लिहिलं होतं. साताऱ्यात इंग्रजी माध्यमात होती ना, मग वेगळ्या वर्गात कशाला बसवायचं? त्यानंतर महिनाभर माझी मुलगी वर्गात एक शब्द बोलली नाही. वाचता येत होतं, पण बाईंचं भरभर बोलणं कानाला झेपत नव्हतं, आणि बाईंना वाटलं पोर अबोलच आहे. त्या एका शब्दामुळे तिला मिळणारी मदत मीच अडवली, हे मला आजही खुपतं. 'मराठी' लिहिलं की मुलाची ऐकण्या-बोलण्याची, वाचण्या-लिहिण्याची परीक्षा होते, एक ते सहा अशी पातळी ठरते. मदत लागत नसेल तर तेही त्यातूनच कळतं, आणि लागली तरी आईवडील नको म्हणू शकतात. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं, की न समजणाऱ्या भाषेत नुसतं वर्गात बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे. तो हक्क आपल्या मुलांचाही आहे.

पुण्याहून माझ्या भावाने मध्यंतरी विचारलं होतं, मुलाला आठवीसाठी तुझ्याकडे पाठवू का. त्याला नाही सांगावं लागलं. इथल्या सरकारी शाळेसाठी म्हणून विद्यार्थी व्हिसा आठवीपर्यंत मिळतच नाही. नववीपासून मिळतो तोही एकूण 12 महिन्यांपुरता, आणि शाळेचा पूर्ण खर्च आधी भरून. पर्यटक व्हिसावर आणून शाळेत घालायचा विचार तर करूच नका, मुलाच्या पुढच्या व्हिसावर गदा येते.

सांगलीची ती मुलगी मंगळवारी शाळेत जाऊन आली. करार, बिल, जन्मदाखला, लसींचं कार्ड, या क्रमाने आम्ही कागद लावले होते. संध्याकाळी तिचा फोन आला. व्हिसाचं कुणी नावही काढलं नाही. भाषेच्या रकान्यात तिने मराठी लिहिलंय. कांजिण्यांची लस राहिलीय, ती गुरुवारी आहे. बस सकाळी आठ वीसला त्यांच्या कोपऱ्यावर येते.